डाव्या हातासाठी

मुलुंड,
२० जानेवारी १९८६

सौ. रुक्मिणी हिला,
सुगंधाचा नमस्कार.

हे पत्र कामापुरतं आहे, हे आधीच सांगून ठेवते. नाशिकची थंडी तुला सोसते का, कंपनीने दिलेल्या दोन खोल्यांत उजेड येतो का, सासूबाईंचा गुडघा कसा आहे, यातलं काहीही मी विचारणार नाही.

विषय तुमच्या कॉइलचा. तू गेलीस तेव्हापासून मोटरींचं वाइंडिंग तुमच्याकडे होतं आणि त्या कॉइल पंख्यात बसवायचं काम इथे आमच्याकडे. गेल्या उन्हाळ्यात विकलेले टेबलफॅन दुकानदार परत पाठवताहेत. इथून जाताना पंखा छान चालतो. महिना-दोन महिन्यांनी घुमायला लागतो आणि मग बंद. गोडाऊनमध्ये परत आलेल्या पंख्यांनी पाय ठेवायला जागा ठेवलेली नाही.

आमचे साहेब फोर्टच्या हेड ऑफिसला लिहितात. फोर्ट तुमच्या साहेबांना विचारतं. तुमचे साहेब म्हणतात, खोट फिटिंगमध्ये आहे. मग फोर्ट आम्हाला झापतं. तेव्हापासून हाच खेळ चाललाय. आता फोर्टने शेवटचं सांगितलंय. दसऱ्यापर्यंत फरक दिसला नाही तर मुलुंडचं फिटिंग बंद करायचं आणि पंखे बाहेर कंत्राटावर करून घ्यायचे. म्हणजे आम्ही साठजणी घरी. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यापासून आमची चूल माझ्या पगारावर पेटते हे तुला माहीत आहे. काशीराम मासे झकास करतो, पण मासे आणायला पैसे लागतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेव. मोटरीचं टोपण लावणारी प्रत्येक फिटर अजूनही त्याच्या आत आपापल्या नेलपॉलिशचा ठिपका देते. माझा निळा. परत आलेल्या ढिगात निळा ठिपका एकही नाही. मी स्वतः बघून आले. तेव्हा माझ्या हाताबद्दल तिकडे कोणी काही बोलत असेल तर त्यांना हे सांग.

तुमच्या वाइंडिंगमध्ये काय बिघडलंय ते बघ आणि सरळ मला कळव. पत्र पोस्टाने पाठवत नाही, कॉइलच्या टेम्पोवाल्या अंबादासकडे देते. सोबत सुक्या कोळंबीच्या सोड्यांचा डबा आहे. तो काशीरामने दिलाय. ‘भांडतंस कित्याक? डबो भर आणि धाड,’ म्हणाला. डबा परत पाठव, त्यावर माझं नाव कोरलेलं आहे.

सुगंधा


मुलुंड,
१७ मार्च १९८६

रुक्मिणी,

डबा मिळाला. आत चमचाभर साखर. म्हणजे रिकामा डबा परत करू नये एवढी रीत तू पाळलीस, आणि रीतीपलीकडे एक दाणा दिला नाहीस. पत्र नाही, चिठ्ठी नाही. निरोप काय, तर ‘आमच्या वाइंडिंगमध्ये खोट नाही.’ अंबादासला म्हटलं, आणखी काय म्हणाली? तर म्हणतो, ‘ताई, मी ड्रायव्हर माणूस. निरोप पोचवतो, भांडणं नाही पोचवत.’

पोचवू नकोस म्हणावं. मी लिहिते.

नऊ वर्षं आपण एका बाकावर समोरासमोर बसलो. तू कॉइल गुंडाळायची, मी बसवायची. सगळ्या कारखान्यात अशा जोड्या होत्या, पण आपल्या जोडीचं काम बघायला फोरमन बाहेरच्या पाहुण्यांना घेऊन यायचा. दुपारी तुझ्या डब्यातलं वांगं मी खायची आणि माझ्यातले सुके बोंबील तू. आणि नाशिकच्या बदलीवर तू सही केलीस हे मला कुठे कळलं, तर नोटिस बोर्डावर. कँटीनच्या बाहेर, सगळ्या बायकांच्या गर्दीत. तू मला आधी सांगितलं असतंस तर मी काय तुझी वाट अडवणार होते? अडवलीच असती म्हणा. पण सांगायचं होतंस.

असो. कामाचं बोलू. आमच्याकडे मृणालिनी मॅडम म्हणून नवीन इंजिनिअर आल्या आहेत, अंधेरीच्या. तिशीच्या आतल्या, चष्मा, पायात कोल्हापुरी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी पट्टा बंद केला. तू गेल्यावर इथे पट्टा आला होता, त्यावर पंखा सरकत यायचा आणि प्रत्येकीने आपला एक स्क्रू पिळून पुढे ढकलायचा. मॅडमनी त्या जागी मोठी गोल टेबलं मांडली. एका टेबलाला सहाजणी, आणि सहाजणींनी मिळून पंखा पहिल्यापासून शेवटपर्यंत जुळवायचा. कामंही आलटून पालटून करायची. आज मी टोपण लावलं तर उद्या जाळी.

मी उभी राहून सांगितलं, ‘मॅडम, हे कारखान्याचं काम आहे, भोंडला नाही.’ सगळ्या हसल्या. मॅडमपण हसल्या. म्हणाल्या, ‘सुगंधाबाई, तुम्ही इतकी वर्षं पंखे करताय. एक अख्खा पंखा कधी केलाय?’

नव्हता केला. पण म्हणून मी लगेच मान डोलावली नाही. मी म्हटलं, बघू.

साखर चहात घातली. फुकट घालवत नाही मी काही. यावेळी तिसल्या पाठवते, खाडीतले शिंपले आहेत, नीट धुऊन कर.

सुगंधा


मुलुंड,
२८ जून १९८६

रुक्मे,

डब्यात मनुका आल्या. मोजक्याच, पण आल्या. काशीरामने शिऱ्यात घातल्या आणि शेजारच्यांना सांगितलं, नाशिकहून आल्या.

टेबलाचं सांगते. मला वाटलं होतं, चार दिवसांत वाट लागेल. पहिल्या आठवड्यात लागलीच होती. आमच्या टेबलावर अनुपमा नावाची पोर आहे, दहिसरहून येते, तोंडाचा पट्टा कधी बंद नाही. ती जाळी लावताना बोलायची आणि क्लिपा विसरायची. पूर्वी पट्ट्यावर असती तर क्लिपा विसरलेला पंखा पुढे गेला असता आणि शिव्या दुसऱ्याच कोणी खाल्ल्या असत्या. आता पंखा टेबलाबाहेर जातच नाही. बाकीच्या पाचजणी तिच्याकडे बघत बसतात. तिसऱ्या दिवशी ती बोलता बोलता क्लिपा लावायला शिकली. बोलणं थांबलं नाही.

पट्ट्यावर मला सगळ्यांच्या फक्त पाठी दिसायच्या गं. आता तोंडं दिसतात. एकीचा हात अडला की दुसरी न सांगता स्क्रूड्रायव्हर पुढे करते. कोणाच्या घरी पाहुणे असले तर तिचं काम आम्ही थोडं ओढून घेतो आणि दुसऱ्या दिवशी ती आमचं. खरं सांगू? घड्याळाकडे बघायची सवय गेली माझी. पहिला अख्खा पंखा आम्ही सहाजणींनी जुळवला, बटण दाबलं आणि तो सुरू झाला, तेव्हा इतकी वर्षं पंखे करणारी मी टाळ्या वाजवायला लागले. लहान पोरीसारखी. मला छान वाटलं, तर मी तसंच लिहिणार.

पण पंखे अजून परत येताहेत. टेबलावर जुळवलेले, आमच्या डोळ्यांसमोर नीट केलेले, तेसुद्धा. यंदाच्या उन्हाळ्यात विकलेले आता येऊ लागलेत. मॅडम एकेक उघडून बसतात. कधी वायर दबलेली, कधी घासलेली. का दबते ते कळत नाही. आणि ढिगात निळा ठिपका अजूनही एकही नाही. मी टेबलावरच्या सगळ्यांना तोंडी सांगून माझ्यासारखं करायला शिकवते. त्या तसंच करतात, तरी त्यांचे येतात. अनुपमा परवा रडली. मी म्हटलं, रडू नको, हात बसायला वर्षं लागतात. असं म्हणताना माझी मान जरा ताठच होती, तुला म्हणून सांगते.

फोर्टचे एक साहेब येऊन गेले. टेबलांकडे बघून म्हणाले, ‘हे काय हळदीकुंकू चाललंय?’ आणि दसऱ्याची आठवण करून दिली.

तू तुझ्या मुलींना कसं शिकवतेस ते एकदा लिही. निरोप नको, लिही.

सुगंधा


मुलुंड,
१९ ऑगस्ट १९८६

रुक्मे,

हे पत्र बसून वाच. कोणी जवळ असेल तर आत जाऊन वाच.

मागच्या शनिवारी मॅडम आमच्या टेबलाला घाटकोपरला घेऊन गेल्या. म्हणाल्या, आपण केलेला पंखा कुठे चालतो ते एकदा बघायला हवं. टेकडीवरच्या वस्तीत एक बालवाडी आहे, पत्र्याचं छप्पर. आपल्या कारखान्याचे दोन टेबलफॅन तिथे आहेत. आम्ही गेलो तेव्हा मुलं सतरंजीवर झोपली होती. एक पंखा चालू होता आणि त्याच्यासमोर पोरं एकाला एक लागून झोपलेली, तोंडं उघडी. दुसरा बंद. त्या बाजूला शिक्षिका बसल्या होत्या आणि पाटीने वारा घालत होत्या. सबंध दुपार त्या तेवढंच करत असाव्यात.

इतकी वर्षं मी पंखा म्हणजे मोजायचा माल समजत होते.

चालू पंखा बघून मी लगेच म्हटलं, हा माझा असणार. मॅडमनी दोन्ही पंखे ओट्यावर घेऊन उघडले. चालूच्या टोपणात निळा ठिपका. मी पदर सावरला. बंद पडलेल्यात गुलाबी, म्हणजे अनुपमाचा. तिचं तोंड एवढंसं झालं. मॅडमनी दोन्ही मोटरी शेजारी ठेवल्या आणि आम्ही सगळ्याजणी वाकलो.

तुमच्या कॉइलमधून वायरीची टोकं डावीकडून बाहेर येतात. माझ्या पंख्यात ती डावीकडून सरळ खाली गेलेली. अनुपमाच्या पंख्यात डावीकडून निघून कॉइलवरून वळसा घालून उजवीकडे आलेली आणि टोपणाखाली दबलेली. मान हलवणारा पंखा तो. मान हलेल तसं टोपण वायरीला घासत राहणार.

अनुपमा म्हणाली, ‘ताई, टोकं डावीकडे येतात, मला ती ओढून उजवीकडे घ्यावी लागतात ना! तुला कशी नाही घ्यावी लागत?’

तिला करून दाखवायला मी हात उचलला. आणि कुठला हात उचलला ते मलाच दिसलं.

मी डावरी आहे गं. विसरूनच गेले होते. शाळेत मार खाल्ला, लग्नात सासूने नाक मुरडलं, पण कारखान्यात माझा डावा हात कधी कोणाला अडला नाही. मलाही नाही. का अडला नाही? कारण समोर तू होतीस. बाकीच्या वाइंडर टोकं उजवीकडे काढायच्या. तू माझ्यासाठी डावीकडे काढायचीस. नऊ वर्षं. मी कधी सांगितलं नाही आणि तूही बोलून दाखवलं नाहीस.

मुलुंडच्या वाइंडरपैकी एकटी तूच नाशिकला गेलीस. नवीन मुलींना तूच शिकवलंस, आणि तुझ्या हाताला जे बसलं होतं तेच त्यांच्या हाताला लावलंस. रुक्मे, मला न सांगता गेलीस आणि तिथल्या सगळ्या पोरींना माझ्या डाव्या हातासाठी कॉइल गुंडाळायला शिकवलंस! आणि मी इथे निळा ठिपका मिरवत फिरत होते. त्यातला अर्धा रंग तुझा होता.

मी त्या ओट्यावर बसले आणि हसायला लागले. मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शिक्षिका घाबरल्या, त्यांनी गूळपाणी दिलं.

आता कामाचं. फोर्टला कळवायचंय. मी मॅडमना सांगितलं, यात रुक्मिणीचं नाव चूक म्हणून गेलं तर मी टेबल सोडून जाईन. त्या म्हणाल्या, ‘चूक कोणाची म्हणून लिहायचं? ड्रॉइंगमध्ये टोकं कुठल्या बाजूने काढायची ते लिहिलेलंच नाही. मुलुंड आणि नाशिकच्या बायकांनी मिळून हे शोधलं, एवढंच लिहू.’ मी म्हटलं, नाशिकने अजून काही शोधलेलं नाही. त्या म्हणाल्या, ‘मग त्यांना विचारा ना. त्यांना तिथे काय अडतं तेही विचारा. आपण कधी विचारलंय?’

नाही विचारलं. मी तुला सात महिने नुसती सुनावत होते, आणि तू साखर पाठवत होतीस.

तेव्हा विचारते. टोकं उजवीकडे काढायची तर तुमच्याकडे काय बदलावं लागेल? मुलींना कठीण जाईल का? अर्ज सोबत ठेवला आहे. खाली माझी सही आहे, शेजारची जागा तुझी. तुझ्या सहीशिवाय हा कागद फोर्टला जाणार नाही.

तुझी
सुगी


मुलुंड,
२४ सप्टेंबर १९८६

लाडके रुक्मे,

तुझी सही आली. सहीखाली एक ओळ आली. दोन वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. ‘सुगे, आता तुझ्या डाव्या हाताला टोकं कोण देणार?’ एवढंच. मी ते काशीरामला वाचून दाखवलं. तो पापलेट साफ करत होता. हात थांबवून म्हणाला, ‘आता बरा झाला.’

आणि तुमच्या मुली काय हुशार गं! टोकं उजवीकडे घेतलीच, वर तुमच्या नीलाने कळवलं की आमच्याकडून परत जाणारे लाकडी खोके आतून खडबडीत असतात आणि त्यात भरताना कॉइलला बांधलेले दोरे उसवतात. दोन वर्षं तुम्ही ते मुकाट्याने पुन्हा बांधत होता. आमच्याकडे कोणाला पत्ताच नव्हता. अनुपमाने दुसऱ्याच दिवशी सगळ्या खोक्यांना आतून जुनी पोती लावली. दोन मुलींनी आपापसात लिहिलं आणि काम झालं. फोर्टमधून गेलं असतं तर पुढचा गणपती आला असता.

आता प्रत्येक खोक्यात गुंडाळणारीचं नाव येतं. नीलाची कॉइल आली की टेबलावर सगळ्या म्हणतात, आली बघ आपली नीला. कोणी तिला पाहिलेलं नाही. तुमच्या कुंदाला मुलगा झाला तेव्हा इथे पेढे वाटले. अंबादास म्हणतो, ‘कॉइल कमी आणि डबे जास्त झालेत, टेम्पोचा परवाना बदलून घ्यावा लागेल.’ पण खूश असतो. दोन्हीकडे त्याला जेवायला घालतात.

नवीन जुळवलेले पंखे मॅडमनी कँटीनमध्ये ओळीने लावले आहेत. ते बंदच करायचे नाहीत, मान हलवत चालूच ठेवायचे. शेजारी जुन्या पद्धतीचे. जुने एकेक करून घुमले आणि बसले. नवीन सगळे चालू आहेत. आम्ही जेवायला बसलो की पानं उडतात, पण कोणीच बंद करू देत नाही. माझा ऊर भरून येतो ते बघून. नुसत्या माझ्या निळ्या ठिपक्यामुळे कधी एवढा भरून आला नव्हता.

खंडेनवमीच्या पूजेला फोर्टचे साहेब येणार आहेत, तेव्हाच काय ते सांगतील. मॅडमनी नाशिकच्या मुलींसाठी बस मागितली आहे. तू येशील ना? घाबरते आहे मी, खरंच. इतकं करूनही त्यांनी नाही म्हटलं तर? तू समोर असलीस तर बरं.

सुगी


मुलुंड,
दसऱ्याचा दुसरा दिवस, १९८६

रुक्मे,

बसमधून तुझ्या मुली उतरल्या आणि मी शेवटची मुलगी उतरेपर्यंत दाराशी उभी होते. तू नव्हतीस. नीला म्हणाली, ‘रुक्मिणीबाई म्हणाल्या, आपल्या मशिनींची पूजा कोण मांडणार? त्या आज मोकळ्या ठेवायच्या का?’ मग तिने डबा पुढे केला. मला राग आला होता, पण तोही नीट टिकला नाही. तुझ्या जागी मी असते तर मीसुद्धा माझ्या मशिनी सोडून आले नसते.

इकडे झेंडूच्या माळा, टेबलांना केळीचे खुंट, सगळ्यांच्या घरची माणसं आलेली. काशीराम गिरणीत जायचा तेव्हाचा पांढरा शर्ट घालून आला होता. तुझ्या मुली आणि आमच्या मुली एकमेकींना नावं विचारत होत्या आणि किंचाळत होत्या. ‘तू नीला? मला वाटलं तू जाडी असशील!’

फोर्टचे साहेब कँटीनमध्ये गेले. चालू पंख्यांच्या ओळीसमोर बराच वेळ उभे राहिले. नारळ फुटल्यावर त्यांनी सांगितलं, मुलुंडचं फिटिंग बंद होणार नाही. आणि टेबलं आता नाशिकलाही बसणार. पुढे ते इंग्रजीत काही बोलले, पण कोणी ऐकलं नाही. अनुपमा माझ्या गळ्यात पडली होती आणि ढोल सुरू झाला होता. काशीराम कोपऱ्यात उभा राहून शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता. गिरणी बंद पडली तेव्हा हा माणूस रडला नव्हता.

डबा मी त्यानंतर उघडला. मला वाटलं, चिवडा असेल.

कॉइल. सुती कापडात बांधलेली, तुझ्या हातची. दोरे कसे घट्ट आणि एकसारखे, बघताक्षणी ओळखलं. टोकं डावीकडे.

मी टेबलाशी बसले. टोकं उजवीकडे यायला लागल्यापासून मीही उजव्या हाताने धरायला लागले होते. परवा पूजेला डाव्या हाताने घेतलं. सगळ्याजणी भोवती उभ्या होत्या, तुझ्या आणि माझ्या. टोकं आपोआप जागेवर गेली गं. मी काही केलंच नाही. टोपणात निळा ठिपका दिला आणि त्याच्या शेजारी कुंकवाचा एक, तुझा. तो पंखा पूजेत ठेवला आणि बटण दाबलं. समईची वात हलली म्हणून भटजी ओरडले. आम्ही समई बाजूला घेतली, पंखा नाही.

संध्याकाळी तो पंखा मॅडम आणि मी घाटकोपरच्या बालवाडीत देऊन आलो. तू रागावणार नाहीस, मला माहीत आहे. त्या शिक्षिकांच्या हातातली पाटी आता फळ्याखाली ठेवलेली असेल.

मॅडमनी विचारलं, नाशिकला टेबलं बसवायची तर कोणी जाऊन दाखवावं लागेल, कोण जाईल? माझा हात वर झाला. डावाच झाला. सगळ्या हसल्या. दिवाळी झाली की निघते. तिथे एका टेबलाला मी तुझ्यासमोरच बसणार, हे आत्ताच सांगून ठेवते. दुसऱ्या कोणाला ती जागा देऊ नकोस.

अंबादास आज डबा मागायला आला होता. दिला नाही. माझ्याकडे ठेवून घेतलाय. यावेळी मीच भरून आणते.

तुझी,
सुगी